वापरलेली बॉक्सस्टर घेतली आहे. तिचा क्लच किती झिजला हे कसे ओळखावे?

नमस्कार.

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ राहील. आपण रेडिंगजवळच्या एका लहान विक्रेत्याकडून अठरा दिवसांपूर्वी २००६ सालची पोर्श बॉक्सस्टर घेतली. इंजिन २.७ लिटरचे, गिअरबॉक्स पाच गिअरचा मॅन्युअल आणि गाडी ६८,००० मैल चाललेली आहे. आपल्या आधीच्या डिझेल गोल्फच्या तुलनेत हिचे क्लचचे पेडल जड लागते आणि पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच क्लच पकडतो. टायर बदलायला गेलात तेव्हा तिथल्या कारागिराने गाडी आवारातल्या आवारात मागेपुढे केली आणि क्लच सत्तर टक्के संपला आहे, आणखी पाच हजार मैल निघाले तरी खूप झाले, असे सांगितले. हे खरे मानावे का, क्लच नेमका किती उरला आहे हे स्वतः कसे पाहावे, आणि तो चांगला धरत असला तरी खबरदारी म्हणून आधीच बदलावा का, असे आपण विचारले आहे.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे क्लच आणि गिअरबॉक्सचीच कामे करतो, आणि वापरलेली स्पोर्ट्स गाडी नुकतीच घेतलेले लोक जवळपास याच शब्दांत हा प्रश्न घेऊन येतात. माझ्या मते यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. क्लच किती टक्के उरला आहे, हा एक. आज क्लच आपले काम पूर्ण करतो आहे की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय कोणालाही देता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर आपण स्वतः, एका दुपारी, बऱ्याच खात्रीने मिळवू शकता. आणि विक्रेत्याशी बोलताना उपयोगाला येणार आहे ते हे दुसरे उत्तरच.

टक्केवारीला मुळातच आधार नाही. आपल्या गाडीत क्लच पायाने चालतो आणि त्याची झीज मोजणारा कोणताही सेन्सर तिच्यात नाही. काही गाड्यांत असा आकडा खरोखर मिळतो. फेरारी ३६० किंवा एफ४३० यांच्या एफ१ गिअरबॉक्समध्ये क्लच संगणक चालवतो, त्यामुळे बंद अवस्थेतला क्लच नेमका कुठे उभा आहे हे त्या संगणकाला ठाऊक असते, आणि निदान यंत्र जोडून झिजेचा टक्का वाचता येतो. त्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत हा आकडा इतका रुळला आहे की लोक आता तो सगळ्याच गाड्यांबद्दल विचारू लागले आहेत, आणि विचारले की कोणीतरी सांगतोच. बॉक्सस्टरच्या बाबतीत सत्तर काय किंवा चाळीस काय, तो अंदाजसुद्धा नसतो. पेडल जड लागले म्हणून तोंडाला आलेला आकडा असतो.

आता पेडल जड का होते आणि ते वर का पकडते हे समजण्यासाठी क्लचच्या आत काय घडते ते पाहावे लागेल. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घर्षणाचा थर असलेली क्लच प्लेट दाबून धरलेली असते, आणि हा दाब डायफ्रॅम स्प्रिंग देते, जी बशीच्या आकाराची असून तिला मध्याकडे वळलेल्या पट्ट्या म्हणजे बोटे असतात. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीझ बेअरिंग त्या बोटांना आत ढकलते, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. घर्षणाचा थर रिव्हेटांनी बसवलेला असतो आणि रिव्हेटांची डोकी थराच्या आत खोल बसवलेली असतात. नवी प्लेट हातात घेतली की तिच्या जाडीपैकी वापरण्याजोगा भाग किती थोडा असतो याचे नवल वाटते. दोन्ही बाजू मिळून तो दोनेक मिलिमीटरच्या आसपासच भरतो, आणि गाडीचे सगळे आयुष्य त्या दोन मिलिमीटरांत चालते.

थर झिजला की दाब हळूहळू कमी होत जाईल असे सहज वाटते, पण तसे घडत नाही. डायफ्रॅम स्प्रिंगचा स्वभाव असा आहे की प्लेट थोडी पातळ झाली की तिचा दाब आधी किंचित वाढतो, काही काळ वाढलेलाच राहतो, आणि थर अगदी संपत आला की पुन्हा नव्याच्या पातळीला येऊन त्याखाली घसरू लागतो. म्हणून निम्मा झिजलेला क्लच नव्या क्लचइतकाच, किंबहुना किंचित अधिकच घट्ट धरतो. चपलेचा तळ खिळा टोचेपर्यंत झिजतो आणि तोवर चालण्यात काही फरक कळत नाही, तसाच हा प्रकार आहे. क्लचची झीज लांबून ओळखता येत नाही, त्याचा शेवट मात्र स्पष्ट कळतो, असे मी म्हणतो ते यामुळे.

दाब वाढतो त्याच टप्प्यात बोटे ढकलायला लागणारा जोरही वाढतो. म्हणजे जड पेडल हे क्लच नवा नसल्याचे चिन्ह असू शकते. तो संपल्याचे नव्हे. शिवाय जडपणाची इतर कारणे आहेत. पोर्शच्या पेडलाला पायाला मदत करणारी एक स्प्रिंग असते आणि ती बिघडली तरी पेडल जड होते. रिलीझ बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती, आणि बेअरिंग ढकलणारा काटा ज्या टेकूवर हलतो तो, हे दोन्ही कोरडे पडले तरी जोर जास्त लागतो आणि पेडल सोडताना बारीक कुरकुर ऐकू येते. आणि मुळातच या गाडीचे पेडल डिझेल गोल्फपेक्षा जड असते. तुलना करायचीच असेल तर त्याच पिढीच्या दुसऱ्या बॉक्सस्टरशी किंवा तिच्या भावंडाशी, म्हणजे पोर्श केमनशी करावी. पोर्श क्लब ग्रेट ब्रिटनच्या एखाद्या स्थानिक मेळाव्याला गेलात तर कोणी ना कोणी त्यांच्या गाडीत बसून पेडल दाबून पाहू देईल. पाच मिनिटांच्या त्या तुलनेला वर्णनांच्या दहा पानांपेक्षा अधिक किंमत आहे.

क्लच वर पकडतो, या लक्षणावर लोकांचा फार विश्वास असतो. आपल्यापैकी ज्यांनी मारुती ८०० वर गाडी शिकली त्यांना हा नियम पाठच आहे, आणि त्या गाडीसाठी तो बरोबरही होता, कारण तिथे पेडल आणि क्लच यांच्यामध्ये केबल असे. प्लेट झिजली की बोटे गिअरबॉक्सच्या बाजूला सरकतात, केबलची सूट कमी होते आणि पकड वर जाते. आपल्या गाडीत केबलऐवजी द्रव आहे. पेडल मोकळे असताना वरच्या सिलिंडरचा मार्ग द्रवाच्या टाकीला उघडा असतो. प्लेट झिजेल तशी बोटे, बेअरिंग आणि काटा मिळून खालच्या सिलिंडरचा दट्ट्या थोडा मागे ढकलतात आणि तेवढा द्रव टाकीत परत जातो. म्हणजे दर वेळी सुरुवात नव्या जागेवरून होते आणि झिजेची भरपाई आपोआप होत राहते. स्प्रिंगच्या बदललेल्या कोनामुळे थोडा फरक पडू शकतो, पण पकड वर आहे एवढ्यावरून या गाडीचा क्लच संपला असे म्हणणे चुकीचे आहे. उलट पकड अगदी खाली, जमिनीजवळ गेली असती तर मी अधिक लक्ष दिले असते, कारण तेव्हा द्रवात हवा असण्याची किंवा एखादा सिलिंडर गळत असण्याची शक्यता असते. या गाडीत ब्रेक आणि क्लच यांचा द्रव एकाच टाकीतून येतो, त्यामुळे तिथली पातळी घटत असेल तर ती बाब केवळ क्लचपुरती राहत नाही.

एवढ्यावरून आपण दिलेली दोन्ही लक्षणे निकाल देत नाहीत हे स्पष्ट व्हावे. निकाल देणारे लक्षण एकच आहे: पूर्ण जोर पडला असता क्लच घसरतो का. ही चाचणी कशी करावी याबद्दल जे सल्ले सर्रास दिले जातात ते आपल्या गाडीला बहुतेक लागू पडत नाहीत, म्हणून या भागावर थोडे अधिक लिहितो.

प्रचलित सल्ला असा असतो की चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये कमी वेगाने, इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे एकदम वर गेले आणि गाडीचा वेग मात्र तितका वाढला नाही तर क्लच घसरतो आहे. टर्बो गाड्यांना हा सल्ला अचूक बसतो. त्याच काळातल्या गोल्फ जीटीआयच्या दोन लिटर टर्बो इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २८० न्यूटन-मीटर आहे आणि तो १,८०० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो, त्यामुळे २,००० फेऱ्यांवरच क्लचची संपूर्ण परीक्षा होते. आपल्या बॉक्सस्टरचा कमाल टॉर्कही जवळपास तेवढाच, म्हणजे २७० न्यूटन-मीटर आहे, पण इंजिनाला टर्बो नाही आणि हा टॉर्क ४,७०० ते ६,००० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. दोन हजारांवर तो यापेक्षा बराच कमी असतो. क्लच मुळात इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा अधिक, सर्वसाधारणपणे सव्वा ते दीडपट भार पेलेल असा बनवलेला असतो. तो राखीव भाग जवळजवळ संपला असला तरी दोन हजारांवर क्लच घट्ट धरूनच ठेवेल आणि आपण निश्चिंत होऊन घरी याल. हाच क्लच पुढे कधीतरी महामार्गावर ट्रकला ओलांडताना पाच हजारांवर सुटेल.

म्हणून चाचणी ४,७०० फेऱ्यांच्या वर झाली पाहिजे, आणि तीही कायद्याच्या मर्यादेत. पाचव्या गिअरमध्ये ते शक्य नाही आणि चौथ्यातही नाही, कारण तेवढ्या फेऱ्यांना चौथ्यात गाडी ताशी नव्वद मैलांच्या पुढे गेलेली असेल. तिसऱ्यात मात्र साधारण ६५ ते ७० मैलांच्या दरम्यान आपण त्या टप्प्याला पोहोचता. यासाठी ७० ची मर्यादा असलेला, मध्ये दुभाजक असलेला रस्ता हवा, शक्यतो चढाचा, कोरडा आणि मोकळा. इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण तापलेले असावेत, म्हणजे आधी अर्धा तास नेहमीसारखी गाडी चालवावी. मग तिसऱ्या गिअरमध्ये ४० मैलांपासून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून मर्यादेच्या जरा आत येईपर्यंत ठेवावा. चढ का, याचे कारण असे की क्लचवर येणारा टॉर्क मुख्यतः इंजिनाचा असतो, पण सपाटीवर गाडी झटकन वेग घेते आणि पाहायला वेळच मिळत नाही. चढावर तोच भार जास्त सेकंद टिकतो आणि क्लच तापतो. घसरण्याची सुरुवात नेहमी तापलेल्या क्लचमध्ये होते.

चालवताना काट्यांकडे टक लावून पाहू नये; त्यात धोका आहे आणि सुरुवातीची घसरण डोळ्यांना दिसतही नाही. शेजारी बसलेल्या व्यक्तीने दोन्ही काटे दिसतील असे चित्रण केले तर चालेल, पण याहून चांगला उपाय आहे. गाडीच्या निदान (ओबीडी) सॉकेटमध्ये एक स्वस्त अडॅप्टर लावून फोनवर इंजिनाचे फेरे आणि वेग यांची एकत्र नोंद करावी. क्लच पूर्ण जोडलेला असताना एका गिअरमध्ये फेरे आणि वेग यांचे गुणोत्तर बदलूच शकत नाही. ते यांत्रिक बंधन आहे. आपल्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये ताशी दर मैलाला साधारण सत्तर फेरे पडतात. टायरच्या मापानुसार आणि झिजेनुसार हा आकडा थोडा वेगळा येईल, त्याची चिंता करू नये. आधी हलक्या पायाने एका ठरावीक वेगाने चालून गुणोत्तर काढावे आणि मग पूर्ण जोरातल्या नोंदीशी ताडून पाहावे. पूर्ण जोरातही ते तेच राहिले तर क्लच धरतो आहे. ४,५०० च्या पुढे ते चढू लागले आणि ॲक्सिलरेटर सोडताच मूळ जागी आले, तर क्लच घसरतो आहे, मग गाडी चालवताना आपल्याला काहीही जाणवो वा न जाणवो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्वस्त अडॅप्टर फेरे आणि वेग एकाच क्षणी वाचत नाहीत. एक वाचून मग दुसरा वाचतात, त्यामुळे गाडी झपाट्याने वेग घेत असताना गुणोत्तर थोडे खालीवर होते. ते नागमोडी खालीवर होणे म्हणजे घसरणे नव्हे. घसरण एकाच दिशेने वाढत जाते आणि प्रत्येक चाचणीत त्याच टप्प्यावर दिसते. चाचणी तीन वेळा करावी, मध्ये पाच-दहा मिनिटे शांतपणे चालवावे, आणि तिन्ही नोंदी जपून ठेवाव्यात. पुढे विक्रेत्याशी बोलताना त्या लागतील.

याच चाचणीला जोडून आणखी एक गोष्ट पाहता येते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जोरात जाताना, पाय सोडल्यावर फेरे लगेच खाली बसले पाहिजेत. ते क्षणभर वरच रेंगाळले किंवा किंचित वर उसळले तर घसरण नुकतीच सुरू झाली असण्याचा संभव असतो. हे लक्षण अनेकदा चढावरच्या चाचणीच्या आधी दिसते.

हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, फेरे वाढवून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडते का पाहायचे, अशी एक चाचणी बरेच गॅरेजवाले करतात. मी ती करत नाही आणि आपणही करू नये. पूर्ण गेलेला क्लच तिच्यात सापडतो, पण तो एरवीही सापडलाच असता. अर्धवट स्थितीतला क्लच सहज पास होतो, आणि चांगल्या क्लचचेही आयुष्य दर खेपेला थोडे जळते.

थरथर, आवाज आणि वास यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी थोडक्यात सांगतो, कारण टायरवाल्यानंतर दुसरा कोणी त्यावरून घाबरवील. मागे घेताना किंवा चढावर उचलताना गाडी थरथरत असेल तर ते झिजेपेक्षा प्लेटवर तेल आल्याचे, फ्लायव्हीलवर तापून डाग पडल्याचे किंवा इंजिनाचे माउंट सैल झाल्याचे लक्षण असण्याची शक्यता अधिक असते. दमट हवेत आठवडाभर उभी राहिलेली गाडी पहिल्या दोन-तीन वेळा थरथरली आणि मग थांबली, तर तो फक्त फ्लायव्हीलवरचा गंज होता. या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून तेल पाझरण्याची तक्रार जुनी आहे, आणि ते तेल प्लेटपर्यंत पोहोचले तर जाड थर असलेली प्लेटसुद्धा घसरते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली ओल आहे का हे गाडी उचलून एकदा पाहून घ्यावे. पेडल दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर थांबणारा घरघर आवाज बहुधा रिलीझ बेअरिंगचा असतो. याच्या उलट, पेडल मोकळे असताना न्यूट्रलमध्ये येणारा आणि दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा असण्याचा संभव असतो. इंजिन बंद करताना खडखड झाली तर दुहेरी वस्तुमानाच्या, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेल्या दोन भागांच्या, फ्लायव्हीलकडे संशयाने पाहावे. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना करकरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, ही झिजेची नव्हे तर सोडवणुकीची अडचण आहे. जळका वास एकदा आला म्हणून काही सिद्ध होत नाही. चढावर गाडी पार्क करताना जरा जास्त हाफ क्लच ठेवला की तो कोणाच्याही गाडीत येतो.

समजा, चाचणीत क्लच घसरला नाही. मग तो किती चालेल? येथे मात्र सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ६८,००० हा आकडा फारसे काही सांगत नाही. क्लच मैलांनी झिजत नाही. गाडी जितक्या वेळा उभ्या जागेवरून उचलली जाते आणि ज्या रीतीने उचलली जाते, तितका झिजतो. महामार्गावर शंभर मैल चाललेल्या गाडीचा क्लच त्या प्रवासात फार तर काही वेळा घासला गेला असेल, तर लंडनच्या गर्दीत तेवढेच मैल काढलेल्या गाडीचा शेकडो वेळा. उचलण्याच्या रीतीचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. इंजिन एका ठरावीक गतीवर धरून क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडी उचलली, तर त्या वेळी क्लचमध्ये जी उष्णता निर्माण होते ती साधारणपणे जुळतेवेळी गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे १,५०० ऐवजी ३,००० फेऱ्यांवर गाडी उचलणारा चालक प्रत्येक वेळी दुप्पट नव्हे, चौपट उष्णता क्लचमध्ये ओततो. स्पोर्ट्स गाड्यांचे क्लच लवकर गेल्याच्या तक्रारी येतात त्यांचे मूळ बहुधा यात असते. गाडी नाजूक असते असे नाही.

त्यामुळे आधीच्या मालकांबद्दल जे कळेल ते मैलांपेक्षा मोलाचे आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक गाडीचा एमओटीचा, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात दर तपासणीच्या दिवशीचे मैल दिलेले असतात. वर्षाला हजार-दीड हजार मैलच चाललेली गाडी बहुधा रविवारची गाडी असते, तर वर्षाला बारा-पंधरा हजार मैल चाललेली गाडी रोज कामाला जात असणार. ती महामार्गाने जात होती की शहरातून, हे मालकाच्या जुन्या पावत्यांवरच्या गॅरेजांच्या पत्त्यांवरून पुष्कळदा ओळखता येते. क्लच बदलल्याची पावती सापडली तर तारीख आणि मैल दोन्ही पाहावेत. एमओटी नुकतीच पास झाली म्हणून क्लच चांगला आहे, असा युक्तिवाद विक्रेते करतात. त्या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती पाहिलीच जात नाही.

आता आपल्या अठरा दिवसांकडे येतो, कारण हे उत्तर घाईने लिहिण्याचे कारण तेच आहे. गाडी व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतली असल्यामुळे आपल्याला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात, मात्र दोष असल्याचे दाखवण्याची जबाबदारी आपली असते. ३० दिवसांनंतर सहा महिन्यांपर्यंत दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते, पण तेव्हा विक्रेत्याला आधी दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. पेच असा आहे की वय आणि मैल पाहता अपेक्षित असलेली झीज म्हणजे दोष नव्हे. अठरा-वीस वर्षांच्या गाडीचा क्लच नवा नाही, ही तक्रार टिकणार नाही. विकत घेतल्यावर तीन आठवड्यांत तो पूर्ण भारावर घसरतो, ही तक्रार टिकू शकते. आणि जाहिरातीत किंवा संदेशात क्लच अलीकडे बदलल्याचे लिहिले असेल आणि तसे नसेल, तर वर्णन खोटे ठरते आणि आपली बाजू बरीच भक्कम होते. ती जाहिरात अजून दिसत असेल तर आजच तिची प्रत जतन करावी.

म्हणून क्रम असा ठेवावा. या आठवड्यात चढावरची चाचणी करावी. गुणोत्तर स्थिर राहिले तर काहीही बदलू नये आणि टायरवाल्याचे म्हणणे विसरून जावे. ते चढले तर पुन्हा चाचण्या करत बसू नये, कारण घसरणारा क्लच प्रत्येक वेळी आणखी जळतो. पोर्शचे काम करणाऱ्या एखाद्या स्वतंत्र गॅरेजकडून लेखी अहवाल घ्यावा आणि विक्रेत्याला ईमेलने, नोंदींसह, तिसावा दिवस उलटण्याच्या आत कळवावे. फोनवर बोलून थांबू नये. दुरुस्ती आधी स्वतः करून मग पैसे मागण्याचा मार्ग टाळावा. एकदा गिअरबॉक्स उतरवून जुने भाग फेकले गेले की दाखवायला काही उरत नाही.

चांगला धरणारा क्लच खबरदारी म्हणून आधीच बदलावा का, हेही आपण शेवटी विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. या कामात सुट्या भागांपेक्षा मजुरीचा वाटा मोठा असतो, कारण गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि ती मजुरी आज दिली काय किंवा तीन वर्षांनी दिली काय, सारखीच आहे. अपवाद दोन. दुसऱ्या कोणत्या कारणाने गिअरबॉक्स उतरवला जात असेल तर क्लच त्याच वेळी बदलावा. आणि घसरण सुरू झाल्यानंतर मात्र ताणू नये, कारण रिव्हेट उघडे पडून फ्लायव्हीलवर चरे पडले तर तेही बदलावे लागते, आणि दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील क्लचच्या संचापेक्षा महाग असू शकते.

ज्या दिवशी गिअरबॉक्स खाली येईल त्या दिवशी आपण किंवा आपला विश्वासू माणूस गॅरेजमध्ये हजर असेल असे पाहावे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीझ बेअरिंग यांच्याबरोबर बेअरिंगची नळी, काट्याचा टेकू आणि क्रँकशाफ्टचे मागचे सील पाहून घेण्यास सांगावे. फ्लायव्हीलची दोन वस्तुमाने एकमेकांच्या तुलनेत किती हलतात हे मोजून लिहून घ्यावे. आपली गाडी ज्या काळातली आहे त्या काळात पोर्शने इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग बदलून मोठ्या आकाराचे केले, आणि या इंजिनांबद्दल ज्या बेअरिंगच्या बिघाडाची चर्चा होते ते हेच. आपल्या इंजिनात कोणते बसले आहे हे फ्लायव्हील काढल्यावर दिसते: बेअरिंगच्या झाकणाच्या मध्यावरचा नट २२ मिलिमीटरचा असेल तर बेअरिंग मोठे आहे आणि इंजिन उघडल्याशिवाय ते काढता येत नाही, म्हणून त्याला हात लावू नये, नट १३ चा असेल तर बेअरिंग लहान, जुन्या पद्धतीचे आहे आणि ते त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. नटाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि तो क्लचच्या पावतीबरोबर ठेवावा. आपण ही गाडी विकायला काढाल तेव्हा जाणता ग्राहक पहिल्यांदा या दोन कागदांबद्दल विचारील.